लग्न ठरलंय, आणि घरात बिनलेबलची डबी आलीये

गोखले रोडची आत्या (धागाकर्ती)

सल्ला हवाय, आणि थोडी मळमळही काढायची आहे. लांबण लागेल.

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. ती ऐरोलीला आयटी पार्कात नोकरी करते, मुलगा खारघरचा. दोघांनी आपापलं जमवलं, आम्ही फक्त अक्षता टाकायच्या. माणसं चांगली आहेत. देणंघेणं नाही, मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. साखरपुड्याची बोलणी करायला विहीणबाई आमच्याकडे नौपाड्यात आल्या होत्या. हॉल ठरला, जेवण ठरलं, आणि निघताना चपला घालता घालता पोरीचा गाल कुरवाळून त्या म्हणाल्या, "फोटो आयुष्यभर राहतात गं. आतापासून काहीतरी लावायला घे. माझ्या ओळखीची पार्लरवाली आहे, हात चांगला आहे तिचा."

कुणी काही बोललं नाही. टोमणा असता तर माझा भाऊ गप्प बसणारा नाही. पण मायेने बोललेल्या वाक्याला उलट उत्तर काय द्यायचं?

पोरगी सावळी आहे, आमच्या आईच्या वळणावर गेलीये. लहानपणी तिच्या हातात चहाचा कप दिसला की "काळी होशील" म्हणणारे होते. शाळेच्या स्वागतगीतात नेहमी मागच्या रांगेत. ती हे सगळं हसण्यावारी नेते असं आम्ही धरून चाललो होतो.

तर आता घरात एक पांढरी प्लास्टिकची डबी आहे. वर चिकटपट्टी, त्यावर पेनाने "रात्री" एवढंच. कंपनी नाही, तारीख नाही, घटक नाहीत. "मॅडम स्वतः मिक्स करून देतात." आणि खोटं कशाला बोलू, फरक पडला. चेहरा उजळला. वहिनी खूश, शेजारची काकू पार्लरचं नाव विचारून गेली. आता मात्र उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे होतात. गालांवर बारीक लाल रेषा दिसतात, हनुवटीवर लव वाढलीये. एक रात्र लावलं नाही तर खाज आणि पुरळ, म्हणून पुन्हा लावते.

मी म्हटलं, बंद कर. तर मला म्हणाली, "आत्या, तुझं लग्न कधीच होऊन गेलंय. तुला बोलायला काय जातंय?"

डबीत काय असेल? आणि विहीणबाईंना काय सांगावं, कुणी सांगावं?


त्वचावाली डॉक्टर

चेहरा न बघता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते चित्र आमच्या ओपीडीत इतकं नेहमीचं आहे की त्याला नावच आहे: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टेरॉइडच्या मलमाने बिघडलेला चेहरा. अशा डब्यांत बहुतेक वेळा बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड कालवलेलं असतं. स्टेरॉइडने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार होणं मंदावतं, म्हणून सुरुवातीला चेहरा खरोखर उजळ दिसतो. ग्राहक खूश, पार्लरची जाहिरात फुकटात. पुढे त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसायला लागतात, लव वाढते, मुरुमं येतात, ऊन सोसत नाही. आणि बंद केलं की सगळं उसळून वर येतं, त्यामुळे माणूस पुन्हा त्याच डबीकडे वळतो. तुमची भाची हट्टी नाही. तिच्या त्वचेला त्या औषधाची सवय लागली आहे.

हे किती पसरलंय? देशातल्या १२ केंद्रांतला अभ्यास २०११ मध्ये छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या बऱ्याच जणांसाठी ते नुसतं "गोरेपणाचं क्रीम" होतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आता तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन बघा.

दुसरी शक्यता पाऱ्याची, आणि ती जास्त वाईट. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतो, आणि त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाला धरतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मध्ये एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांच्या आजाराचा प्रकार एरवी क्वचित दिसणारा होता, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमं वापरली होती. आपल्या अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना असाच त्रास झाला, क्रीम ओळखीच्या ब्यूटिशियनकडचं. नियमाप्रमाणे अशा क्रीमात पारा घालायलाच बंदी आहे, चुकून आला तरी दहा लाखात एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

म्हणून: डबी फेकू नका, डॉक्टरकडे सोबत न्या. लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. पायांना किंवा डोळ्यांखाली सूज आहे का बघा. लावणं थांबवायचंच आहे, पण एकदम की सौम्य औषधावर आणून, हे बघणारा डॉक्टर ठरवेल. साखरपुडा जवळ असेल तर तिला आधीच सांगून ठेवा की काही काळ चेहरा आधी बिघडेल, मग सुधारेल. हे न सांगितल्यामुळे निम्म्या मुली परत डबी उघडतात.


सीवूड्स डाऊन

डॉक्टरांना +१. वहिनींना फक्त मूत्रपिंडाचा परिच्छेद वाचून दाखवा, बाकी काही बोलूच नका.


पायी वारी

आपला विठोबा सावळा, राम सावळा, कृष्ण तर नावातच काळा. ज्या महाराष्ट्राने सावळ्या रूपाला माऊली म्हटलं तिथे ही वेळ यावी?


चुरचुरीत

काका, विठोबाला स्थळ शोधायचं नाहीये. आणि रखुमाईच्या रंगाबद्दल कुणी काही विचारत नाही, कारण तिचं लग्न झालंय. हे उदाहरण दरवेळी निघतं आणि त्याने आजवर एकाही मुलीचं लग्न जमलेलं नाही.


मंडळवाल्या काकू

मी ठाण्यात वधू-वर सूचक मंडळाचं काम बघते, हौसेखातर. आतली गोष्ट सांगते.

आमच्या फॉर्मवर "वर्ण" असा रकाना होता. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. सावळ्यासमोर खूण केलेला मुलीचा फॉर्म माझ्या हाताला क्वचितच लागला. कोळशासारखी पोर असली तरी आई "निमगोरी" लिहिते आणि माझ्याकडे बघत नाही. मुलांच्या फॉर्मवर मात्र "अपेक्षा"मध्ये गोरी, उंच, सडपातळ, घरकामाची आवड, नोकरी करणारी. मुलगा स्वतः कसा का असेना. उलट मुलगा जितका काळा तितकी त्याच्या आईची अट पक्की. एका बाईंनी मला तोंडावर सांगितलं, "निदान पुढची पिढी तरी उजळेल." जणू वाणाचं बियाणं निवडतायत!

२०२० मध्ये शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली, तेव्हा आम्हीही रकाना काढला. मला फार बरं वाटलं होतं. मग फोन यायला लागले. "फोटोवर फिल्टर नाही ना?" "मुलीला दुपारी खिडकीपाशी बसवून व्हिडिओ कॉल लावा." एका गृहस्थांनी मुलीच्या शाळेच्या ओळखपत्राचा फोटो मागितला, त्यात म्हणे खरा रंग कळतो. रकाना होता तेव्हा निदान खोटं लिहून सुटता यायचं.

आत्या, तुमच्या विहीणबाईंना मी वाईट म्हणणार नाही. माझ्या अनुभवात असं बोलणाऱ्या बहुतेक बायकांनी स्वतः ते ऐकलेलं असतं.


ट्रान्सहार्बर ८:१२

मी २७ वर्षांची, लग्न ठरायचंय, सावळी. भाचीच्या बाजूने लिहिते, कारण इथे अजून कुणी लिहिलं नाही.

तुम्हा सगळ्यांना वाटतंय की कमावती शिकलेली मुलगी आहे, तिने ठाम राहावं. ठाम राहायचं म्हणजे काय करायचं? ती होणाऱ्या सासूला नाही म्हणाली तर पहिल्याच भेटीत "तोंडाळ". लावलं नाही आणि फोटो बघून कुणी कुजबुजलं तर "सांगितलं होतं". लावलं तर तिच्यात आत्मविश्वास नाही असं तुम्ही म्हणणार. तिने कसंही वागलं तरी चूक तिचीच.

केरळच्या तेव्हाच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी मार्च २०२५ मध्ये फेसबुकवर लिहिलं होतं. त्यांच्या आधी त्याच खुर्चीवर त्यांचे पती होते. कुणीतरी शेरा मारला की पतीची कारकीर्द जितकी गोरी तितकी यांची काळी. त्यावर त्यांनी लिहिलं की चार वर्षांची असताना आईला विचारलं होतं, मला परत पोटात घेऊन गोरी करून बाहेर काढशील का. राज्यातल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला हे ऐकावं लागतं. मग आम्ही सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये लटकणाऱ्या कशाच्या जोरावर ठाम राहणार?

आत्या, भाचीला उपदेश करू नका. पार्लरचे पैसे कोण भरतंय ते बघा आणि त्यांच्याशी बोला.


गोखले रोडची आत्या

ट्रान्सहार्बर, लागलं. पैसे माझी वहिनी भरतेय. हे मला सुचलंच नव्हतं की बोलायचं तिच्याशी.

डॉक्टर, उद्याची वेळ घेतलीये. भाची "फक्त दाखवायला" येते म्हणाली, बंद करण्याचं वचन दिलेलं नाही.


घोडबंदरला अडकलेला

पुरुषांचंही थोडं लिहितो, राग मानू नका. माझ्या लग्नात फोटोग्राफरने मलाही विचारलं होतं, "सर, अल्बममध्ये दोन पॉइंट उजळ करू का?" पुरुषांसाठी वेगळं गोरेपणाचं क्रीम २००५ पासून बाजारात आहे. एका माणसाने ७९ रुपयांचं असं क्रीम घेतलं, सांगितल्याप्रमाणे लावलं, गोरा झाला नाही, म्हणून २०१३ मध्ये ग्राहक मंचात गेला. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या जिल्हा मंचाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीला सुमारे १५ लाख भरायला सांगितले. बराच काळ चिकाटीने लढला बुवा.


चुरचुरीत

आणि त्या काळात त्याचं लग्न रंगामुळे अडलं असेल असं एकाच्याही मनात आलं नसेल. तुमचं दुःख टकलाचं असतं, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते सांत्वनाला.


घोडबंदरला अडकलेला

टक्कल वैयक्तिक घेतो आहे. :(


करावेची लेक

नवी मुंबईतल्या गावातून. आम्ही आगरी.

माझी आजी बेलापूर पट्टीतल्या मिठागरावर राबली. पुढे सिडको आली, १९७० नंतर जमिनी गेल्या, शेत आणि मिठागर दोन्ही गेलं, टॉवर आले. आजीची कातडी उन्हाने रापून चामड्यासारखी झाली होती. कुणी काळी म्हटलं की म्हणायची, "उन्हान राबलोय, सावलीन बसलो नाय." ती हे तोऱ्यात म्हणायची. माझ्या आईला तसं म्हणता आलं नाही, कारण तोवर शेजारी सोसायट्या झाल्या होत्या आणि सोसायटीतल्या बायका मासळी घेताना आईला "ए काळे" म्हणायच्या.

मी गोरी आहे, कशी काय कोण जाणे. कॉलेजात, ऑफिसात, सगळीकडे मला एक वाक्य ऐकवतात: "तू आगरी वाटत नाहीस गं." आणि माझ्याकडे बघत राहतात, मी आभार मानावेत म्हणून. रंगाच्या गप्पांत नुसता रंग नसतो. कोण उन्हात उभं राहतं आणि कोण सावलीत बसून भाव करतं, हे त्यात असतं. जात तर असतेच असते, पण ते बोललं की धागा बंद पडतो, म्हणून इथेच थांबते.


उगाच काहीतरी

विषय संपले वाटतं. गोरं व्हावंसं वाटणं नैसर्गिक आहे, सगळ्या जगात आवडीनिवडी असतात. परदेशात लोक पैसे देऊन टॅन करून घेतात, तिकडे कोणी धागे काढत नाही.


करावेची लेक

तिकडे टॅन म्हणजे समुद्रकिनारी सुट्टी परवडते. इकडे टॅन म्हणजे सुट्टी नाही. माझी पोस्ट परत वाचा.


आठवीतल्या मुलीचा बाबा

थोडं अवांतर, पण इथे डॉक्टर आहेत म्हणून विचारतो. मुलगी आठवीत, वजन जरा जास्त. मानेच्या मागे आणि काखेत काळी, मखमली जाड त्वचा झालीये. बायको रोज डाळीचं पीठ आणि लिंबू लावून दगडाने घासते. पोरगी रडते. वर्गात तिला "मळकी" म्हणतात.


त्वचावाली डॉक्टर

घासणं आजच बंद करा, आणि लिंबू तर मुळीच नको. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते आणि डाग पडतात.

तो मळ नाही. तुम्ही वर्णन केलंय ते अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्ससारखं आहे. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसेल तर मानेची, काखेची त्वचा अशी जाड आणि काळी होते. तिला बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन रक्तातली साखर तपासून घ्या, मधुमेह घरात आहे का तेही सांगा. पाळी सुरू झाली असेल आणि अनियमित असेल तर तेही. वजन आटोक्यात आलं की मान आपोआप निवळते. मला सर्वांत जास्त राग येतो तो या केसेसचा. शरीर स्वच्छ शब्दांत धोक्याची सूचना देतंय आणि घरचे ती पुसून काढायला बसलेत, कारण त्यांना फक्त काळेपणा दिसतो.

जाता जाता: माणसांमाणसांत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात, त्याचे कण केवढे आणि कसे पसरतात, यावर रंग ठरतो. हे जन्माआधीच ठरलेलं असतं. गरोदर बाईला केशराचं दूध पाजा, चवीला छान असतं, बाळाच्या रंगाशी संबंध नाही. बाळाला साय-पिठाने घासूनही काही होत नाही, उलट नाजूक त्वचेला ओरखडे पडतात.


आठवीतल्या मुलीचा बाबा

बायकोला वाचून दाखवलं. दगड फेकला. सोमवारी नेतो. मनापासून आभार.


कळव्याची मेकअपवाली

नवऱ्या सजवते, त्यामुळे इथे जपून लिहिते.

दहातल्या आठ जणी बेस दोन शेड वरचा मागतात. मी आधी मानेला लावून अंडरटोन, म्हणजे त्वचेची आतली छटा, दाखवते, तिचा स्वतःचा शेड लावला की चेहरा कसा जिवंत दिसतो तेही दाखवते. मुलगी आरशात बघते, तिला आवडतं, मान डोलावते. मग मागे उभी असलेली आई म्हणते, "अजून थोडं लाव गं." आणि दोन शेड वरचं लावलं की फ्लॅशमध्ये चेहरा राखाडी येतो, आणि हात त्यांच्या मूळ रंगाचे, कोपरापर्यंत मेंदी. मग हातांनाही फासा. वरमाला घालताना नवऱ्याच्या शेरवानीवर डाग.

नाही म्हटलं तर ऑर्डर दुसरीकडे जाते, हेही खरं आहे. मालिकेत सावळी नायिका हवी असली तर उजळ नटीला काळा रंग फासतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या सावळ्या मुलीला पांढरा. रंगाच्या डब्या दोन्हीकडे तितक्याच खपतात.


वकील, पाचपाखाडी

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण "छळाची केस टाकू" असं कुणीतरी सुचवेलच.

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातल्या जुन्या खटल्यात नवऱ्याला निर्दोष सोडलं. बायकोने १९९५ मध्ये जीव दिला होता, १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने नवऱ्याला शिक्षा दिली होती. तो तिला रंगावरून हिणवायचा, दुसरं लग्न करीन म्हणायचा, सासरा स्वयंपाकावरून बोलायचा, असा आरोप. उच्च न्यायालयाने म्हटलं की हे संसारातले वाद आहेत, फौजदारी गुन्हा ठरेल इतक्या तीव्रतेचा छळ नाही. दुसरीकडे २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, बायको नवऱ्याला काळा म्हणून हिणवत होती हे क्रौर्य धरून त्याला घटस्फोट दिला. फौजदारी खटला आणि घटस्फोट, दोन्हींचं परिमाण वेगळं असतं, फौजदारीत पुरावा कडक लागतो. पण सामान्य माणसाने एकापाठोपाठ दोन्ही बातम्या वाचल्या तर त्याला काय वाटेल ते मला कळतं.

तुमच्या प्रकरणात विहीणबाईंवर काही होत नाही, आणि करूही नये. डबीवर मात्र होतं. औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायदा १९४० चा आहे, सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियम २०२० चे. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच, परवाना क्रमांक, मुदत यांतलं काही नसलेली वस्तू विकताच येत नाही. आत स्टेरॉइड निघालं तर प्रकरण आणखी गंभीर. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. ठाण्याचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे.


सीवूड्स डाऊन

मोठ्या कंपन्यांचं काय? १९७५ पासून एक क्रीम "फेअर" म्हणून विकलं, २०२० मध्ये नाव बदलून "ग्लो" केलं. डब्याचा गुलाबी रंग तोच.


गोखले रोडची आत्या

बरेच दिवस आले नाही, सगळ्यांनी विचारलं म्हणून लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी स्टेरॉइड म्हणून सांगितलं. लघवीची तपासणी ठीक आली, तेवढा जीव भांड्यात पडला. डबी बंद केल्यावर मात्र चेहरा असा उसळला की पोरगी आरशासमोर जाईना. लाल, सुजलेला, पुटकुळ्या. ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद. रात्री दोनदा तिने वहिनीकडे डबी मागितली. वहिनीने दिली नाही! ट्रान्सहार्बरचं ऐकून मी तिच्याशी बोलले होते. आधी ती चिडली, "तू माझ्या पोरीच्या सुखावर उठलीस" इथपर्यंत गेलं. मग पोरीचा चेहरा बघितला आणि गप्प झाली. मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

साखरपुडा पुढे ढकलला नाही. भाचीनेच सांगितलं, ढकलला तर कारण द्यावं लागेल आणि ते चर्चेचं होईल. लालसर चेहऱ्यानेच झाला. तिने मेकअप करू दिला नाही, डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. फोटो सुंदर वगैरे आले असं म्हणणार नाही, चेहरा सुजलेलाच दिसतो.

विहीणबाईंना मी सांगायचं ठरलं होतं. तर भाचीने स्वतःच फोन केला. काय बोलली मला माहीत नाही, बराच वेळ दार लावून बोलत होती. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा मला फोन. मी तयारीत होते. तर त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरांचा नंबर द्याल का? माझ्यासाठी हवाय. घरात कुणाला बोलू नका." त्या स्वतः तीच डबी कित्येक वर्षं लावतायत. उन्हात चेहरा जळतो म्हणून त्या दुपारच्या कुठल्याच कार्यक्रमाला जात नाहीत, आणि आम्ही समजत होतो बाई आखडू आहेत. मंडळवाल्या काकू, तुम्ही लिहिलं होतंत ते आठवलं. तरी त्यांचा राग पूर्ण गेलेला नाही माझ्या मनातून. स्वतःला त्रास होत असताना पोरीच्या हातात डबी दिलीच ना?


मंडळवाल्या काकू

दिली, कारण त्यांना तो त्रास रंगाची किंमत म्हणून मान्य होता. राग राहू दे, हरकत नाही. लग्नाच्या कामात तो बाहेर येऊ देऊ नका म्हणजे झालं.


त्वचावाली डॉक्टर

विहीणबाईंना लवकर पाठवा. इतकी वर्षं वापर असेल तर मूत्रपिंडाची तपासणी, रक्तदाब आणि साखर, तिन्ही हवं. भाचीला सांगा, उसळी ओसरायला वेळ लागतो, मधेच कुणी "हे लाव, माझं बरं झालं" म्हणून ट्यूब दिली तर घ्यायची नाही. सनस्क्रीन रोज, काचेच्या खिडकीशी बसत असेल तरी. गोरं होण्यासाठी नाही, पातळ झालेली त्वचा जपण्यासाठी. आणि लग्नाआधी "ग्लो"साठी ग्लुटाथायोनची इंजेक्शनं कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, त्वचा उजळवण्यासाठी कुठल्याही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही.


ट्रान्सहार्बर ८:१२

भाचीला माझ्याकडून सांगा, सुजलेल्या चेहऱ्याने साखरपुडा करायला माझ्यात हिंमत नव्हती झाली.

तक्रार केलीत का पण? ती बाई अजून डब्या भरतेय ना?


गोखले रोडची आत्या

तिथेच घोडं अडलंय. वहिनी म्हणते पार्लर विहीणबाईंच्या ओळखीचं, तक्रार केली तर नाव आपलंच येणार, लग्न तोंडावर आलंय. भाऊ म्हणतो लग्न झाल्यावर बघू. विहीणबाई म्हणतात पार्लरवाली विधवा आहे, दोन मुलं आहेत, तिलाही डब्यांत काय असतं माहीत नाही, कुणीतरी बाईकवरून किलोने आणून देतो. हे खरंही असेल. मी रोज फोन हातात घेते आणि ठेवते.


वकील, पाचपाखाडी

बाईकवाला शोधायचा तर सुरुवात पार्लरपासूनच होणार. तक्रार तुमच्याच घरातून जायला हवी असं काही नाही. वस्तू विकत घेतलेला कुणीही ग्राहक करू शकतो.


ट्रान्सहार्बर ८:१२

मग मी करते. मला ती बाई ओळखत नाही, आणि माझा रंग बघून ती स्वतःच डबी पुढे करेल, मागायचीही गरज पडणार नाही. आत्या, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


गोखले रोडची आत्या

केलाय. जपून. चेहऱ्याला काही लावून घेऊ नकोस, "ट्रायल करून बघ" म्हणून आग्रह करतात.


वकील, पाचपाखाडी

बिल मागा, देणार नाहीत. म्हणून रोख देऊ नका, यूपीआयने भरा, नोंद राहते. डबी न उघडता ठेवा आणि पार्लरच्या पाटीसकट फोटो काढा. शनिवारी वागळे इस्टेटचं कार्यालय बंद असतं, तेव्हा खरेदी आठवड्याच्या सुरुवातीला करा.


ट्रान्सहार्बर ८:१२

मंगळवारी अर्धी रजा टाकली आहे.